सर्व्हिस मोटारीच्या मागे

“मी येऊ का बरोबर?” उमानं विचारलं आणि चिंतामणच्या हातातला बुटांचा ब्रश जागच्या जागी थांबला.

ती दाराच्या चौकटीत उभी होती. हात कणकेनं भरलेले, म्हणून कोपरानं दार लोटून आलेली. आवाज तिनं मुद्दाम खाली ठेवला होता, कारण आत गोदावरीवहिनी चुलीपाशी होत्या आणि त्या घरात एका खोलीत बोललेलं दुसरीत पोचायला वेळ लागत नसे. चिंतामण तिच्याकडे बघत राहिला. लग्नाला वीस वर्षं झाली होती. त्या वीस वर्षांत महिन्यातले दहा-बारा दिवस तो फिरतीवर असे, आणि दर वेळी उमा दशम्यांचा डबा बांधून देई, दारापर्यंत येई आणि टांगा वळला की आत जाई. ‘कधी येणार’ एवढं ती विचारी. ‘मी येऊ का’ हे तिनं कधीच विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं होतं तरी काय त्यात? सांगलीच्या मगदूम आणि मंडळींचे तराजू आणि लोखंडी वजनं गावोगावच्या दुकानदारांना दाखवत हिंडणारा माणूस तो. पहाटेची आगगाडी, तिसऱ्या वर्गाचा बाक, पुढं उतारूंची सर्व्हिस मोटार, तिच्या टपावर दोघांनी मिळून चढवायची वजनांची ट्रंक, आणि मुक्कामाला कुणाच्या तरी दुकानाची पडवी. अशा प्रवासाला कुणी बायकोला नेतं का? पण आता दारात गाडी उभी होती, आणि ‘नेता येत नाही’ हे उत्तर उरलं नव्हतं.

गाडी मालकांची. भाऊसो मगदुमांनी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात ती जुनी फोर्ड घेतली होती. वरून काळा रंग दिला होता, पण दार उघडलं की कडेला खाकी दिसायची. महिनाभर मालकांच्या ड्रायव्हरनं माधवनगरच्या रस्त्यावर चिंतामणला ती चालवायला शिकवली, आणि परवाना हातात पडला त्या दिवशी भाऊसोंनी त्याला पेढीवर बोलावून घेतलं. “चिंतामणराव, दोन फेऱ्या करा,” ते म्हणाले. “एक न्हेमीसारखी, रेल्वे आन् सर्व्हिसनं. दुसरी ह्या गाडीनं. मग मला सांगा, आपल्या धंद्याला काय बरं. नुसतं पैशाचं नगा सांगू, त्ये माझं मला कळतंय. मानसाला काय बरं वाटतं त्येबी सांगा.” पहिली फेरी पौषात झाली. इतकी वर्षं डोळे मिटून केलेला प्रवास त्यानं त्या खेपेला डोळे उघडे ठेवून केला. रहिमतपूरच्या फलाटावर कडुनिंबाखाली काढलेले दोन तास, शेजारच्या माणसानं न विचारता हातावर ठेवलेली भाकरी आणि खरडा, मोटारीत गुडघ्याला गुडघे लावून बसलेल्या माणसांच्या कुणाचं लग्न, कुणाची म्हैस, कुणाचा मुलगा इराकातून परत आला नाही अशा गोष्टी. आपलं काहीच न सांगता त्या ऐकत बसण्यात एक सुख होतं. अंग सैल सोडून द्यायचं. नेणारा दुसरा, पोचवणारा दुसरा. उशीर झाला तर तोही दुसऱ्याचाच.

“ये की,” तो उमाला म्हणाला. “विट्यापर्यंत चल. तुझी मावसबहीण आहे तिथं, मी येईपर्यंत तिच्याकडे राहा.”

“विट्याला नाही. म्हसवड बघायचंय मला.”

एवढं बोलून ती आत गेली. चिंतामणनं उरलेला बूट पुसला, मग पुसलेलाच पुन्हा पुसला. म्हसवडचं नाव त्या घरात अकरा वर्षं कुणी घेतलं नव्हतं. तोसुद्धा फिरतीची गावं सांगताना ‘मायणी आणि तिकडची पुढची’ असं म्हणायचा. अकरा वर्षांपूर्वी तो म्हसवडला असताना इकडे उमाला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या. थोरल्या भावानं, तात्यांनी, तिला टांग्यात घालून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. सकाळी मुलगी झाली, फार अशक्त. तात्यांनी तार केली. मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटे गेली, आणि चिंतामण पोचला तो त्या दिवशी संध्याकाळ उलटून गेल्यावर. गोंदवल्याच्या अलीकडे सर्व्हिस मोटार बंद पडली, रात्र रस्त्यावर काढावी लागली, असं त्यानं सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. खाटेवरची उमा त्याच्याकडे बघून म्हणाली होती, “तुमचा काय दोष त्यात?” पुढं तिला मूल झालं नाही. घरी आल्यावर वहिनींनी सगळ्यांना बजावून ठेवलं, की तिच्यासमोर विषय काढायचा नाही. आणि अकरा माणसांच्या त्या घरात सगळ्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की नवऱ्यालाही बायकोशी त्याबद्दल बोलायला कोपरा राहिला नाही. की तो त्यानं शोधलाच नाही?

निघाले तेव्हा सहा वाजले होते. वहिनी ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, “कामाच्या फेरीला बायको कशाला नेतात, मला तर बाई कळत नाही.” तात्या पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “जाऊ दे गं.” उमानं निळं इरकल नेसलं होतं. ती पुढच्या सीटवर बसली ती अंग चोरून, दाराला चिकटून, जणू मधे आणखी कुणी बसायचं आहे. कृष्णेवरचा गारवा खिडकीतून येत होता. तासगावचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंनी उसाचे फड मागं जायला लागले आणि चिंतामणच्या ध्यानात आलं की वीस वर्षांत आपण दोघं असे शेजारी कधी बसलोच नाही. पंगतीत ती वाढत असायची. लग्नाकार्याला जाताना सर्व्हिसमध्ये बायका पुढं, पुरुष मागं. टांग्यात तर ती पाठीला पाठ लावून, उलट्या तोंडानं. आता तिचा खांदा एका वितीवर होता आणि दोघांनाही समोरच बघायचं होतं. तिच्या बांगड्या खड्ड्याबरोबर वाजत होत्या. मधेच तिनं विचारलं, “त्या दांड्यानं काय होतं?” त्यानं गिअरबद्दल सांगितलं. “आणि पायाखालचं ते?” तेही सांगितलं. तासगावच्या पुढं तिनं अंग सैल केलं, मणेराजुरी कोणत्या बाजूला ते विचारलं, विट्याला दोन दुकानांत तो तराजू दाखवत असताना गाडीत बसून रस्त्यावरची माणसं मोजली, आणि तो परत आला तेव्हा हसत म्हणाली, “तुम्ही दुकानदाराशी किती गोड बोलता हो! घरी असं नाही बोलत.”

तो हसला, पण तिच्या नजरेला नजर न देता चाकाशी बसला. कारण अकरा वर्षांपूर्वी ती सर्व्हिस मोटार बंद पडलीच नव्हती.

तार त्याला सकाळी अकराला मिळाली होती. म्हसवडचं त्याचं जुनं गिऱ्हाईक आप्पासो, त्यांच्या दुकानात तो नवा काटा जोडून दाखवत होता. पोस्टमन तिथंच आला. इंग्रजी पाच-सहा शब्द. मुलगी झाली, अशक्त आहे, ताबडतोब निघ. रहिमतपूरला जाणारी सर्व्हिस दोनला सुटायची, तिथून आगगाडीनं रात्री नऊच्या आत मिरज. त्यानं ट्रंक बांधली, हमालाकडून टपावर चढवली, मोटारीत बसलासुद्धा. स्टँडवरच्या राहीबाईच्या चहाच्या हॉटेलापुढं मोटार उभी होती. ड्रायव्हरनं पुढं जाऊन हँडल मारलं, इंजिन धडधडायला लागलं, आणि ती धडधड बाकातून त्याच्या मांड्यांत, पोटात, छातीत शिरली. त्याला एकाएकी वाटलं, आपण जोवर पोचत नाही तोवर काही होणार नाही. आपण पोचलो की मात्र जे व्हायचं ते होईल. वाटलं म्हणजे विचार केला असं नाही. पायांनाच ते वाटलं. तो खाली उतरला. “माझी ट्रंक उतरव,” असं त्यानं टपावरच्या माणसाला सांगितलं, “काम राहिलंय.” ट्रंक धाडकन धुळीत पडली. मोटार गेली. तिचा आवाज किती तरी वेळ ऐकू येत होता, आणि तो थांबल्यावर सगळ्या म्हसवडात शांत झालं होतं. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं तो निघाला. नऊ वाजता पोचला असता तर पहाटेपर्यंत मुलगी होती.

मायणी मागं पडली. ऊस संपला, माळ सुरू झाला. लाल-पिवळी कुसळं, मेंढरांचे कळप, दूर एखादी बाभळ. आगगाडीनं आणि सर्व्हिसनं आलो असतो तर हा दिवस असा उघडा पडला नसता, असं त्याच्या मनात आलं. तिथं भोवती माणसं असतात, विड्यांचा धूर असतो, कुणीतरी वर्तमानपत्र मागतं. मनात येणाऱ्या गोष्टीला पुरेशी जागाच मिळत नाही. इथं मात्र जागाच जागा. आणि गाडी आपल्या हातात. वळवली तर वळते, थांबवली तर थांबते. पोचायला उशीर झाला तर बोट दाखवायला कुणी नाही. भाऊसोंनी विचारलं होतं ते हेच की काय? मालकांना तसं काही म्हणायचं नव्हतं हे त्याला कळत होतं. पण कुकुडवाडचा चढ चढताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. राहीबाई. राहीबाईनं त्याला त्या दिवशी पाहिलं होतं. मोटारीतून उतरताना, ट्रंक काढून घेताना, मग काही वेळ तिच्या बाकावर. आणि राहीबाईच्या तोंडाला काही अडसर नव्हता.

म्हसवडला पोचले तेव्हा ऊन माथ्यावर होतं. उमानं आधी सिद्धनाथाचं दर्शन घेतलं. देवळात ती बराच वेळ हात जोडून उभी राहिली. काय मागितलं ते त्यानं विचारलं नाही. मग ती नदीच्या बाजूला गेली, माणगंगेच्या कोरड्या पात्राकडे, तिथं वाळत घातलेल्या घोंगड्यांकडे बघत राहिली. “एवढंच आहे होय हे?” ती म्हणाली. “मला वाटायचं, केवढं लांब, केवढं आडरानात असेल. इथून माणूस येऊच शकत नाही असं काहीतरी.” आप्पासोंच्या दुकानातलं काम त्यानं घाईघाईनं उरकलं. हॉटेल टाळून पुढं जायचं असं त्यानं ठरवलं होतं, पण उमालाच चहा हवा होता, आणि स्टँडवर दुसरं हॉटेल नव्हतं.

राहीबाई आता थकली होती. डोळ्यांवर हात धरून तिनं गाडी पाहिली, मग त्याला पाहिलं. “आवं, वजनवालं सायेब! मोटर घेतली व्हय?”

“मालकांची आहे.”

“आन् ह्या वैनी? पयल्यांदाच आणलं की वं!” तिनं पदरानं बाक पुसला, उमाला बसवलं, तिच्या हातात कप दिला आणि समोर उकिडवी बसली. चिंतामण उभाच राहिला. आता म्हणेल. आता म्हणेल. “लय जड सामान ह्येंचं,” राहीबाई उमाला सांगत होती. “हमाल शिव्या द्यायचं. पर ह्येनी कवा कुनाला टाकून बोलल्यालं न्हाई ऐकलं.” मग ती पावसाबद्दल बोलली, साखरेच्या रेशनबद्दल बोलली, तिच्या नातवाला सातारला नोकरी लागली त्याबद्दल बोलली. उमानं विचारलं, “किती वर्षं ओळखता तुम्ही यांना?” राहीबाईनं बोटांवर मोजून पाहिलं आणि सोडून दिलं. “रोज शंभर मानूस हितनं जातंय, वैनी. ध्येनात ऱ्हात न्हाई काय बी. चेहरं तेवढं वळकू येत्यात.”

तिला काहीच आठवत नव्हतं. चिंतामणनं चहा प्यायला. तो गोड होता, गरम होता. अकरा वर्षं ज्या साक्षीदाराला तो भ्याला होता, तिच्या लेखी तो दिवस घडलाच नव्हता. आता ती गोष्ट जगात फक्त त्याच्याजवळ होती; त्याच्याबरोबर ती संपणार होती, आणि उमाला कधीच कळणार नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण गाडी रहिमतपूरच्या रस्त्यानं गावाबाहेर काढताना त्याला वाटलं ते एकटेपण होतं. असं एकटं त्याला फिरतीतल्या कुठल्याही पडवीत वाटलं नव्हतं. शेजारी उमा खुशीत होती. राहीबाईनं दिलेली बोरं ओटीत घेऊन ती एकेक निवडत होती, चांगलं निघालं की त्याच्यापुढं धरत होती. तिसऱ्या बोराला त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

“काय झालं? बंद पडली?” उमानं विचारलं.

“नाही. मी थांबवली.” त्यानं हात चाकावरच ठेवले. समोर रस्ता सरळ, पांढरा, रिकामा. “उमा, त्या वेळी मोटार बंद पडली नव्हती.”

कुठली मोटार, हे तिनं विचारलं नाही. तो सांगत गेला. तार, ट्रंक, हँडल, धडधड, खाली उतरणं. समोर बघूनच सांगितलं. शेजारी बघायची गरज नव्हती, आणि ती सोय नसती तर तो बोलूच शकला नसता. उमानं ओटीतली बोरं रुमालात बांधली. गाठ नीट मारली.

“अकरा वर्षं,” ती म्हणाली, “अकरा वर्षं मी त्या मोटारीला शिव्या दिल्या. रस्त्यात कुठलीही सर्व्हिस दिसली की मनातल्या मनात. ड्रायव्हरला, मालकाला, त्या इंजिनाला. तुमच्यावर कधी राग येऊ दिला नाही. आता तो सगळा राग मी कुठं ठेवू?”

आपण हे तिच्यासाठी सांगितलं की आपलं ओझं उतरावं म्हणून, हे त्याला सांगता आलं नसतं. तिच्याजवळ एक आधार होता, मोडक्या मोटारीचा का होईना, तो आपण काढून घेतला, एवढं मात्र त्याला स्पष्ट दिसत होतं. मागून हॉर्न वाजला. म्हसवडची दोनची सर्व्हिस धूळ उडवत येत होती. उमानं दार उघडलं, खाली उतरली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन हात केला. मोटार करकरत थांबली.

“अगं, कुठं चाललीस?”

“मला जरा माणसांत बसू दे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. “मी येते. रहिमतपूरला भेटू.” आणि पदर सावरून ती वर चढली. आतल्या बायकांनी सरकून जागा केली. ड्रायव्हर नाथाजी चिंतामणला ओळखत होता. त्यानं एकदा फोर्डकडे पाहिलं, एकदा चिंतामणकडे, आणि गिअर टाकला.

फोर्डनं मनात आणलं असतं तर ती पाच मिनिटांत पुढं गेली असती. चिंतामण गेला नाही. मोटारीच्या मागं दहा-पंधरा कदमांवर तो चालवत राहिला. धुळीचा लोट सरळ काचेवर येत होता, उघड्या खिडकीतून नाकातोंडात जात होता. खिडकी लावून घ्यावी हे त्याला सुचलं नाही. धुळीतून मोटारीचा मागचा भाग तेवढा दिसे, टपावरची गाठोडी, एक कोंबड्यांची पाटी. आत कुठंतरी ती होती. आठवड्यानं त्यानं भाऊसोंना सांगितलं, की गाडीनं तीन दिवसांचं काम दीड दिवसात होतं, काटे हादरत नाहीत, गाडी ठेवावी, आणि माणसाला काय बरं वाटतं या प्रश्नावर तो म्हणाला, “एकट्यानं जायचं असेल तर सर्व्हिस बरी, दोघांनी जायचं असेल तर गाडी.” भाऊसो हसले, त्यांना तो विनोद वाटला. पण त्या दुपारी धुळीत गाडी हाकताना त्याला असलं काही सुचत नव्हतं. त्याला फक्त एवढंच कळत होतं, की त्या वेळी आपण मोटारीतून उतरलो आणि आज ती चढली, आणि मधल्या अकरा वर्षांत आपण तिच्या मागं कधी गेलोच नाही. ती न्हाणीघरात जाऊन रडायची तेव्हा आपण फिरतीचं सामान बांधायचो. तिनं लहान मुलांची टोपडी विणून शेजारणींना वाटली तेव्हा आपण ‘छान झालीत’ म्हणालो. तिला काही विचारलं नाही. विचारू नये असं सगळ्यांनी ठरवलं होतं, आणि ते आपल्याला सोयीचं पडलं.

गोंदवल्याला मोटार थांबली. आता ती उतरेल, असं वाटून तो बाहेर आला. माणसं उतरली, चढली. खिडकीत तिचं निळं इरकल दिसलं. ती ताठ बसली होती, मान न हलवता, समोर बघत. तिनं वळूनही पाहिलं नाही. मग नाथाजी पाणी भरायला खाली उतरला आणि त्याच्याजवळ आला. “सायेब, पुढं जावा की वं! एवढी झ्याक गाडी हाय, आमच्या फुफाट्यात कशापायी मरताय? समदं तोंड पांढरं झालंया.”

“असू दे. तुम्ही चला.”

नाथाजीनं विडी कानावर ठेवली. म्हणाला, “बरं, मी जरा हळू हाकतो मंग.” आणि खरंच, पुढचा सगळा रस्ता त्यानं मोटार अशी चालवली की धूळ कमी उडावी. आतल्या उतारूंनी कुरकूर केली असणार.

दहिवडीला मोटार वीस मिनिटं थांबायची. चिंतामणनं गाडी पिंपळाखाली लावली आणि आतच बसून राहिला. आता तिला बोलवायला जायचं नाही, असं त्यानं ठरवलं. सगळे उतरले. सर्वांत शेवटी उमा उतरली. एका म्हाताऱ्या बाईला हात धरून, पायरी पायरी करत. म्हातारीनं खाली आल्यावर तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि काठी टेकत गेली. उमा तिथंच उभी राहिली. तिनं खांदा चोळला. मग इकडं तिकडं बघत पिंपळाखाली आली, दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसली.

“गोंदवल्याला उतरणार होते,” ती म्हणाली. “पण ती म्हातारी माझ्या खांद्यावर झोपली होती. दोन रात्री जागून आली होती, लेकीच्या बाळंतपणाहून. कसं उठवायचं? मान हलवता येईना.” तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडाला पदर गेला. “अहो, हे काय! भूत दिसताय. डोळे तरी दिसतात का?” तिनं त्याचा चष्मा काढला, पदराच्या टोकानं एक काच पुसली, मग दुसरी. चष्म्याशिवाय त्याला ती धूसर दिसत होती. “पुढं का नाही गेलात?”

“तू मोटारीत होतीस.”

तिनं चष्मा हातातच ठेवला. “राग गेलेला नाही माझा,” ती म्हणाली. “जाईल की नाही, तेही माहीत नाही. पण मोटारीत बसून मला एक सुचलं. तुम्ही तिथं एकटे होतात, मी इथं एकटी होते. दोघांना एकच दिवस, आणि आपण तो कधी एकत्र मांडलाच नाही. मला सांगा, मोटार गेल्यावर काय केलंत? दिवसभर?”

“नदीकाठी एक माणूस घोंगडी विणत होता,” चिंतामण म्हणाला. “त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो काही बोलला नाही, मीही नाही. त्यानं काठ विणला. काळी पट्टी, मग पांढरी, मग परत काळी. अंधार पडेपर्यंत मी ते बघत होतो. त्याचा हात थांबला की मला भीती वाटायची.” तो थांबला. आणखी काही आठवत नव्हतं. उमानं मान हलवली, जणू तिला हवं होतं ते मिळालं.

समोर नाथाजी उतारूंना हाका मारत होता. गाठोडी वर चढत होती. चिंतामणनं तिच्या हातातला चष्मा घेऊन घातला. जग पुन्हा जागच्या जागी आलं, आणि त्यात उमा होती. केसांवर धूळ, कपाळावरचं कुंकू थोडं पसरलेलं, वयानं अडतीस. विचारायचं ते एकच वाक्य होतं. कुणालाही सुचलं असतं असं. खाटेशेजारी उभं राहून पहिल्या दिवशीच विचारायचं.

“कशी होती ती?”

उमानं श्वास घेतला. इतका हळू, की तो संपेपर्यंत सर्व्हिस मोटार हलली, वळली आणि वडूजच्या रस्त्याला लागली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

“एवढीशी होती,” ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी हवेत ते माप धरलं. “केस खूप होते. ओले, काळेभोर. नर्स म्हणाली, वेणी घालता येईल. डोळे नाही उघडले तिनं. पण दुपारी ऊन खाटेवर आलं होतं, ते तिच्या तोंडावर पडलं, आणि ती शिंकली.”

“शिंकली?”

“हो. माणसासारखी. एवढ्याशा जिवाला ती शिंक मावेना, सगळी हलली. मला हसू आलं. नर्सलाही आलं. आम्ही दोघी हसलो.”

चिंतामणच्या गालांवरच्या धुळीतून पाणी ओघळत होतं. ते त्याला कळत होतं आणि पुसावंसं वाटत नव्हतं. मुलीची शिंक. एवढी मोठी गोष्ट घडली होती आणि अकरा वर्षं ती त्याला कुणी सांगितली नव्हती, कारण त्यानं विचारलं नव्हतं.

“एकदाच?” त्यानं विचारलं.

“नाही,” उमा म्हणाली. “दोनदा.”